बठ्ठेनानांची खूण

बठ्ठेनाना समोरून येताना दिसले की पोरं आपापली पिशवी छातीशी धरायची. त्या माणसाला बांधलेली पिशवी बघवायचीच नाही. कुणाचीही असो, ते थांबायचे, तिच्याकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "बठ्ठं काढ." बठ्ठं म्हणजे सगळं. मग भर व्हरांड्यात वह्या, डबा, कंगवा, आत लपवलेली चिठ्ठी, सगळं बाहेर यायचं आणि नाना ते पुन्हा असं भरून द्यायचे की पिशवी निम्मी व्हायची. एकदा तर प्राचार्यांकडे आलेल्या पाहुण्यांची वळकटी त्यांनी पायरीवर सोडायला लावली होती. पाहुणे बिचारे हे कॉलेजचे नियम समजून गप्प बसले. तेव्हापासून त्यांचं हे नाव पडलं. खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि ते तिथंच राहिलं.

जळगावात आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात ते शिपाई होते. ही गोष्ट ऐंशी सालानंतरची. मूळचे पारोळ्याजवळच्या खेड्यातले, आणि त्याआधी पंधरा-सोळा वर्षं फौजेत, तीही खेचरांच्या तुकडीत. लडाखकडे जिथं गाडी जात नाही तिथं खेचरांच्या पाठीवर सामान लादून पोचवायचं, हे काम. कॉलेजात आमचं गिर्यारोहण मंडळ होतं आणि त्या मंडळातल्या पोरांना नाना खेचरंच समजत. हे ते तोंडावर सांगत. "खेचर बोलत नही, भो. पाठ सोलाई जास तरी बोलत नही. म्हनीसन लादनारानी इचार करना पडस." आम्ही हसायचो. सातपुड्यात शिरपूरच्या वरच्या डोंगरांत दोन दिवस फिरून आलो आणि नानांनी भरलेल्या सॅकखाली कुणाचाच खांदा दुखला नाही, तेव्हा हसणं जरा कमी झालं.

मी शेवटच्या वर्षाला असताना मंडळानं हिमालयात जायचं ठरवलं. मनालीच्या वरचं एक शिखर. खालच्या तळावरून निघायचं, एक रात्र वर बर्फात काढायची आणि पहाटे माथा गाठायचा. आमचे पुढारी देसले सर. इंग्रजी शिकवायचे, भाषण फक्कड करायचे आणि स्वतःची सॅक मात्र नानांकडून भरून घ्यायचे. नानांना 'सामानप्रमुख' म्हणून बरोबर न्यायचं ठरलं. त्या शब्दाचं नानांना फार अप्रूप होतं. बायकोला, म्हणजे अक्कांना, त्यांनी तो दोनदा म्हणून दाखवला, असं अक्कांनीच मला नंतर सांगितलं.

मग महिनाभर जिमखान्यात रोज संध्याकाळी सतरंजी अंथरली जायची. नाना मध्ये मांडी घालून बसायचे आणि एकेकानं आपलं सामान पुढे मांडायचं. त्यांच्या डाव्या हाताला एक ढीग आणि उजव्या हाताला एक. डावा 'जाई', म्हणजे बरोबर जाणार. उजवा 'ऱ्हाई', म्हणजे घरी राहणार. वस्तू तळहातावर घेऊन ते वजन अजमावायचे आणि विचारायचे, "हे कसाले?" कशाला पाहिजे, याचं धड उत्तर आलं तर डावीकडे, नाहीतर उजवीकडे. 'असू द्या, लागेल कधी तरी' हे उत्तर त्यांना चालत नसे. "कधी तरी लागनारं कधी तरी लई जाय. आते नको."

आमच्यातल्या एकानं तर कमालच केली. यावलकडचा पोरगा तो, त्यानं सॅकमधून भरताची मोठी पांढरी-हिरवी वांगी काढली, चांगली दीड-दोन किलो. नानांनी एक वांगं हातावर घेतलं. "हे कसाले?" तो म्हणाला, "नाना, तिथं बर्फात भरीत करू ना!" नाना गंभीरपणे म्हणाले, "बरोबर शे. काट्या कोठून आनशी?" त्याच संध्याकाळी जिमखान्यामागं काटक्या पेटवून नानांनी ती सगळी वांगी भाजली, घरून भाकरी मागवल्या, आणि सगळ्यांना पोटभर खाऊ घातलं. वांगी अशी 'ऱ्हाई'त गेली. मी आजही भरीत खाताना त्या संध्याकाळची आठवण काढतो आणि घास गोड लागत नाही.

भरलेली सॅक ते सिंगल बारला टांगायचे. ती एका बाजूला कलली की परत बठ्ठं काढ. सरळ राहिली की तिला गदागदा हलवून कान लावायचे. आत भांडं वाजलं, डबी खुळखुळली तर म्हणायचे, "बोलस ही. बोलनारी थैली नको." मग त्यांच्याजवळच्या यादीवर एकेका वस्तूपुढे निळ्या पेन्सिलीनं खूण करायचे. खूण करताना वस्तू हातात हवी, हा त्यांचा दंडक. सर म्हणायचे, "अहो नाना, मी सांगतोय ना आहे म्हणून!" नाना नम्रपणे म्हणायचे, "सर, दाखवा." आणि सर दाखवायचे.

सगळ्यात जीव त्यांचा मोज्यांत. प्रत्येकाला लोकरी मोज्यांचे तीन जोड. दोन चालायचे आणि तिसरा 'रातना जोड'. तो दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून, तोंड दोऱ्यानं बांधून, सॅकच्या पार मधोमध. तो घालून एक पाऊलही चालायचं नाही. तंबूत शिरलं, ओलं काढलं, की तो घालायचा आणि झोपायचं. "बाकी बठ्ठं हारपनं तरी चाली. रातना जोड हारपना की बोटं हारपनी समज." लडाखात त्यांच्या एका जोडीदाराच्या दोन्ही पायांचे पंजे गेले होते. त्याबद्दल ते एवढंच सांगत, जास्त विचारलं तर उठून जात.

आता माझ्याकडे येतो. यायला नको वाटतं, पण आलंच पाहिजे.

आमचं घर कापसाचं. धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात. आमच्याकडे थंडी म्हणजे कापूस, ताप म्हणजे कापूस, बाळंतीण म्हणजे कापूस. नव्या कापसाची गादी, रुई भरलेली गोधडी. थंडीवर दुसरा उपाय असतो हे आमच्या सात पिढ्यांना ठाऊक नव्हतं. मी बर्फात जाणार म्हटल्यावर आईनं आमच्याच वावरातला कापूस पिंजून आणला आणि रुई भरून माझ्यासाठी पुऱ्या बाह्यांची जाड बंडी शिवली. टाके तरी किती बारीक! महिनाभर दुपारच्या उन्हात, त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत, ती मांडीवर रुईचा ढीग घेऊन बसायची.

मी ती बंडी मोठ्या कौतुकानं सतरंजीवर मांडली. नानांनी ती उचलली, टाके बघितले, आणि बराच वेळ हातात धरून ठेवली. मग म्हणाले, "तुनी मायना हात सोनाना शे." आणि उजवीकडे ठेवली. मी विचारलं, "का? एवढी गरम आहे!" ते म्हणाले, "कोरडी शे तवलोंग. घाम उना, बरफ लागनं की रुई पानी पेस आनि सोडत नही. मंग थंडीमा ती फळी व्हई जास. कापूस वावरमा लक्ष्मी शे, भो. बरफमा वैरी." लोकर ओली झाली तरी ऊब धरते, कापूस धरत नाही. एवढं साधं गणित. त्यांनी बंडीची घडी घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतःच्या कपाटात ठेवली. "तुनी मायनी वस्तू मी फेकत नही. परत उना की लई जाय."

मला राग आला. खरं सांगतो, भयंकर राग आला. माझ्या आईचा महिनाभराचा जीव हा माणूस उजवीकडे ठेवतो? आणि शेवटी हा कोण? शिपाईच ना! हे शब्द माझ्या मनात जसेच्या तसे आले होते, आणि आज ते लिहिताना शरम वाटते म्हणून मी ते गाळणार नाही. निघायच्या आदल्या दिवशी नाना जेवायला गेले असताना मी त्यांच्या कपाटातून बंडी काढली. कपाटाला कुलूप नव्हतं. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पिशव्या उघडल्या त्याच्या कपाटात कुणी हात घालेल, असं त्याला वाटलंच नव्हतं. आई स्टेशनवर आली होती. गाडी हलताना म्हणाली, "बंडी घालजो, भाऊ. अंगावरून काढू नको." मी मान हलवली.

खालच्या तळावर नानांनी सरांच्या आणि वर जाणाऱ्या आम्हा चौघा पोरांच्या सॅक पुन्हा सगळ्या उसकटल्या, भरल्या, तंबूच्या दोराला टांगल्या, हलवल्या, खुणा केल्या. माझ्या नावापुढे 'लोकरी मोजे, तीन जोड' आणि त्यापुढे निळी खूण. स्वेटर, त्यापुढे खूण. सकाळी सगळे चहा पीत असताना मी तंबूमागं गेलो. लपवून आणलेली बंडी सॅकमध्ये मावेना. म्हणून स्वेटर काढला. तरी मावेना. म्हणून मोज्यांचे दोन जोड काढले, त्यात दुधाच्या पिशवीतला तो जोडही होता; तिसरा पायांत चढवला. ते सगळं तळावरच राहणाऱ्या माझ्या थैलीत कोंबलं. पुढे चढ लागल्यावर गार वारा सुटला तेव्हा बंडी अंगात चढवली. अहाहा, काय ऊब होती! मी मनात म्हणालो, बघा नाना.

देसले सरांचा गुडघा त्या दिवशी नेमका दुखायला लागला, म्हणून ते तळावर राहिले. वर येणारा हमाल आजारी पडला होता, म्हणून त्याचं ओझं घेऊन नाना आमच्या बरेच मागून वर आले. वय पन्नाशीला टेकलेलं. दुपारपासून बर्फ पडायला लागलं. चढताना मी घामानं निथळत होतो, वरून बर्फ वितळत होतं, आणि आईची बंडी ते सगळं पीत होती. वरच्या तळावर तंबू लावेपर्यंत ती अंगावर ओल्या पोत्यासारखी लोंबायला लागली आणि अंधार पडता पडता तिच्या बाह्या कडक झाल्या. मला बटण काढता येईना. मी काहीबाही बरळायला लागलो होतो म्हणे. नाना आणि मी एका तंबूत, बाकी तिघं दुसऱ्या. नानांनी सुरीनं बटणं तोडून बंडी काढली. मग माझी सॅक ओढली आणि, सवयीनं, बठ्ठं काढलं.

स्वेटर नाही. रातना जोड नाही. नानांनी माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "कसाले, भो?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःचा कोरडा स्वेटर माझ्या अंगात घातला, स्वतःचा रातना जोड माझ्या पायांत. माझे पाय आपल्या सदऱ्याखाली, उघड्या पोटावर घेऊन ते बसले. मी रडायला लागलो तर म्हणाले, "चूप ऱ्हाय. बोलनारी थैली नको." मधूनमधून तंबूवर बर्फ साचून तो वाकायचा, तेव्हा ते स्वतःचे दिवसभराचे ओले मोजे आणि ओले बूट घालून बाहेर जायचे, बर्फ झटकून यायचे, आणि पुन्हा माझे पाय पोटावर घ्यायचे. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी मला झोप लागली.

सकाळी माझ्या पायांची दहाही बोटं गुलाबी होती. नानांच्या उजव्या पायाची तीन बोटं पांढरी पडली होती, लाकडासारखी. माथा कुणीच गाठला नाही. नानांना आधार देत खाली आलो. ती बंडी नानांनी आपल्या सॅकमध्ये तळाशी घातली होती. जळगावात गाडीतून उतरताना वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. "मायले काही सांगजो नको." पुढे पंधरा दिवसांत ती तीन बोटं काढावी लागली.

मग चौकशी बसली. शिखर हुकलं, एक माणूस अधू झाला. कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायलाच हवं होतं. प्राचार्यांच्या खोलीत टेबलावर ती यादी होती. सरांनी मला विचारलं, "त्या रात्री तुझ्या सॅकमध्ये कोरडे लोकरी मोजे होते का?" मी म्हणालो, "नव्हते." "स्वेटर?" "नव्हता." दोन्ही उत्तरं खरी होती! खोटं मी एक अक्षर बोललो नाही, आणि याचा मला पुढे कितीतरी वर्षं आधार वाटत होता. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात माझा प्रवेश व्हायचा होता, त्यासाठी सरांचं शिफारसपत्र हवं होतं, आणि मी मूग गिळून बसलो. सर यादीवर बोट ठेवून म्हणाले, "नाना, मग इथं ही खूण कशी? न बघताच केली ना?"

न बघताच! त्या माणसाला! नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होतो. मी आत्ता बोलेन, आत्ता बोलेन, म्हणून ते थांबले होते, हे मला कळत होतं. भिंतीवरचा पंखा खडखडत होता. शेवटी ते म्हणाले, "थैली मी बांधेल व्हती. चूक मनी शे." आणि कुबडी घेऊन उठले.

त्यांना जिमखान्यातून काढून सायकल स्टँडवर बसवलं. पत्र्याचे बिल्ले वाटायला. तिथंही ते सायकलींच्या कॅरिअरला लावलेल्या पिशव्या सरळ करत बसायचे. पण 'बठ्ठं काढ' मात्र पुन्हा कुणाला म्हणाले नाहीत. कुणी काढलंही नसतं. कॉलेजात आता नवी म्हण निघाली होती: 'बठ्ठेनानांची खूण'. न बघता तपासलेली वही, न वाचता केलेली सही, न शिकवता भरलेली हजेरी, सगळ्याला हेच म्हणायचे. कँटीनमध्ये एकदा कुणी तरी ते म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो. माझं शिफारसपत्र तेव्हा खिशात होतं.

आणि आमच्या घरी? आई आल्यागेल्याला सांगायची, "एवढ्या बर्फात माझी बंडी होती म्हणून पोरगं वाचलं." मी ऐकून घ्यायचो.

नोकरी लागल्यावर, दोन-तीन वर्षांनी, मी पारोळ्याला उतरून त्यांच्या खेड्यात गेलो; कॉलेज सोडून ते तिथंच राहायला गेले होते. नाना ओट्यावर बसून अक्कांसाठी शेंगांच्या गोणीचं तोंड शिवत होते. पायात चप्पल, तिच्यात पुढे चिंध्या कोंबलेल्या. "कवय उना, भो?" कधी आलास, असं म्हणाले. चहा झाला. मी सगळी तयारी करून गेलो होतो. एसटीत मनात चार वेळा म्हणून बघितलं होतं. मी म्हणालो, "नाना, ती चौकशी झाली तेव्हा... ते मोजे मी..." नानांनी दाभण थांबवलं. "हे कसाले?"

ते म्हणाले, "माले सांगीसन काय फायदा? माले तं माहीतच शे. ज्यासले माहीत नही, त्यासले सांग." आवाजात राग नव्हता. मी म्हणालो, "सांगतो नाना. नक्की सांगतो." ते पुन्हा शिवायला लागले. निघताना अक्कांनी माझ्या पिशवीत शेंगा घातल्या. नानांनी पिशवीकडे बघितलं, बोट उचललं, आणि तसंच खाली ठेवलं.

मी सांगितलं नाही. आईला काय वाटेल, हे कारण मी स्वतःला देत होतो. चांगलं कारण होतं, खूप वर्षं पुरलं. नाना गेले तेव्हा आम्हा जुन्या विद्यार्थ्यांनी जिमखान्यात शोकसभा घेतली. देसले सर आता प्राचार्य होते. फक्कड बोलले. शेवटी म्हणाले, "माणूस सोन्यासारखा, पण एका निष्काळजीपणानं सगळ्यावर पाणी पडलं. असो. गेलेल्या माणसाचे दोष काढू नयेत." अक्का पहिल्या रांगेत पदर ओढून बसल्या होत्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. मला बोलायचा आग्रह झाला. मी उभा राहिलो आणि वांग्यांची गोष्ट सांगितली. सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत.

मागच्या वर्षी आई गेली. तिच्या पेटीत ती बंडी निघाली, बटणं नवी लावलेली. आता माझ्याजवळ कारण उरलेलं नाही. म्हणून ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. देसले सर, तुम्हालाही, आणि कँटीनमध्ये हसलेल्या तुम्हा सगळ्यांनाही. त्या सकाळी माझ्या सॅकमध्ये लोकरी मोज्यांचे तीन जोड होते. एक दुधाच्या पिशवीत होता, तोंड दोऱ्यानं बांधलेलं. एक स्वेटर होता. नानांनी प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघितली होती आणि मगच खूण केली होती. खूण बरोबर होती. काढलं मी.